एकटीचा प्रवास

दिल्लीत बदलून आलेल्या मराठी माणसाच्या घरात काही वाक्ये वारंवार कानांवर पडतात. 'यंदा रजा मिळेल का?' हे त्यांपैकी एक. 'गाडी वेळेवर आहे ना?' हे दुसरे. परंतु घरातील मुलगी, सून वा बहीण एकटी प्रवासास निघाली, की उंबरठ्यावर हटकून उच्चारले जाणारे वाक्य निराळेच: 'पोहोचलीस की कळव.' पूर्वी त्याचे उत्तर पोस्टकार्डाने येई, क्वचित तारेने. पुढे टेलिफोनने येऊ लागले आणि आता हातातल्या मोबाइलवर क्षणार्धात येते. साधने बदलली, वाक्य मात्र तेच राहिले, आणि त्यामागची धाकधूकही तीच राहिली.

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी नोकरीच्या मुलाखतीसाठी एकटीच पुण्यास निघाली. निजामुद्दीन स्टेशनावर गाडीची वाट पाहत असता मी नेहमीप्रमाणे सूचनांचा पाढा सुरू केला. अनोळखी माणसाने दिलेले खाऊ नकोस, पुण्यात कोठे उतरणार ते कोणाला सांगू नकोस, पर्स उशाशी ठेव, रात्री डब्याच्या दाराशी उभी राहू नकोस, रिक्षात बसण्यापूर्वी तिचा नंबर लिहून पाठव. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबा, ही सगळी कामं माझ्याच नावावर लिहिलीत. दुसऱ्या कोणाच्या नावावर काहीच नाही का?"

कोणते काम कोणाच्या नावावर आहे हे ठरविण्यात माझी उभी हयात सरकारी कचेरीत गेली. तरी या प्रश्नाचे उत्तर मला तेथल्या तेथे देता आले नाही. गाडी सुटली, मी घरी परतलो आणि कपाटातली इतिहासाची पुस्तके काढून बसलो. प्रवासास निघालेल्या स्त्रीच्या सुरक्षिततेचा भार आजवर कोणी कोणी वाहिला, हे त्यांतून शोधू लागलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

मराठी स्त्रीच्या उत्तर हिंदुस्थानातील प्रवासाचा सर्वांत गाजलेला दाखला पेशवाईतला आहे. पहिल्या बाजीरावाची आई राधाबाई १४ फेब्रुवारी १७३५ रोजी काशीयात्रेसाठी पुण्याहून निघाली. पती बाळाजी विश्वनाथ वारून पंधरा वर्षे होत आली होती. बऱ्हाणपूर, उदेपूर, नाथद्वारा, जयपूर, मथुरा-वृंदावन, प्रयाग, काशी आणि गया असा हा मार्ग. लवाजमा मोठा होता, त्यामुळे शब्दशः ती एकटी नव्हती. पण नर्मदेपलीकडचा मुलूख परका होता आणि जयपुराच्या पुढची वाट तर मोगल बादशहाच्या अंमलाखालची होती. तरीसुद्धा या वाटेवर तिचा सर्वत्र सन्मान झाला. उदेपूरच्या राण्याने आदरातिथ्य केले, सवाई जयसिंगाने तिला जयपुरात मोठ्या मानाने ठेवून घेतले आणि पुढच्या प्रवासाचा बंदोबस्त केला. १७२९ मध्ये बुंदेलखंडात बाजीरावापुढे ज्याला हार पत्करावी लागली होती, त्या महंमदखान बंगशानेही तिचा मान राखला. १७३६ च्या उन्हाळ्यात राधाबाई सुखरूप पुण्यास पोहोचली.

ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण जरा थांबून विचार केला तर एक गोष्ट ध्यानात येते. राधाबाईला वाट मोकळी झाली ती ती बाजीरावाची आई होती म्हणून. त्या आदरात धर्मभावना असेल, सौजन्यही असेल. परंतु त्यांच्या पाठीशी मराठी घोड्यांच्या टापांचा आवाज होता, हे विसरून चालणार नाही. तो आवाज मार्च १७३७ मध्ये खुद्द दिल्लीने ऐकला. बाजीराव अचानक राजधानीच्या वेशीशी येऊन धडकला. आज आपण संध्याकाळी फिरावयास जातो त्या तालकटोऱ्याच्या परिसरात तेव्हा मराठ्यांचा तळ पडला होता. अशा मुलाच्या आईची वाट अडविण्याची छाती कोणाची? पण त्याच वाटेने त्याच वर्षी एखादी निनावी विधवा काशीस निघाली असती, तर तिच्यासाठी कोणत्या राजाने बंदोबस्त केला असता? राधाबाईची सुरक्षितता उसनी होती. ती मुलाच्या तलवारीकडून आलेली होती.

उसन्या गोष्टीचे काय होते, हे पंचवीस वर्षांनी पानिपतावर दिसले. आज पानिपत राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत घरी येता येते. सदाशिवराव भाऊंच्या फौजेबरोबर लढवय्यांखेरीज माणसांचा फार मोठा जमाव होता. त्यांत सरदारांची कुटुंबे होती आणि तीर्थयात्रेच्या आशेने निघालेले यात्रेकरूही होते. उत्तरेच्या वाटा बिकट. तेव्हा फौजेची सोबत मिळते आहे तर मथुरा, कुरुक्षेत्र पाहून घ्यावे, असा हिशेब पुष्कळ घरांनी केला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तो हिशेब चुकीचाही नव्हता. फौजेपेक्षा मोठी सोबत कोणती? पण १४ जानेवारी १७६१ च्या दुपारनंतर ती सोबत उरली नाही आणि तिच्या आश्रयाला असलेल्या स्त्रिया उघड्यावर पडल्या. भाऊंची पत्नी पार्वतीबाई मोजक्या लोकांच्या साहाय्याने निसटून दक्षिणेत परतू शकली. असंख्य स्त्रिया मात्र कैद झाल्या, गुलाम म्हणून नेल्या गेल्या, आणि बखरींत त्यांची नावेदेखील उरली नाहीत.

त्या भयंकर दिवसांत ज्यांना आसरा मिळाला त्यांतील पुष्कळांना तो भरतपूरच्या सूरजमल जाटाने दिला. लढाईपूर्वी भाऊंशी बेबनाव होऊन तो बाजूला झाला होता. तरीही उपाशी, जखमी, उघडेवाघडे लोक त्याच्या मुलखात आले तेव्हा त्याने त्यांना अन्नवस्त्र दिले आणि पुढे रवाना केले. राधाबाईच्या सन्मानामागे भय होते असे म्हणता येईल. येथे तसे म्हणता येत नाही, कारण हरलेल्यांचे भय कोणाला वाटणार? ज्या मुलखातून प्रवासी जातो त्या मुलखाने त्याची जबाबदारी घेणे म्हणजे काय, याचा हा नमुना आहे. आपल्या इतिहासात पराभवाच्या वर्णनापुढे त्याला दोनच ओळी मिळतात, याचे वाईट वाटते.

हीच जबाबदारी कायमच्या बांधकामाच्या रूपाने ज्यांनी घेतली त्यांत अहिल्याबाई होळकरांचे नाव अग्रभागी येते. १७९५ साली त्या निवर्तल्या. तोवर यात्रेच्या वाटांवर त्यांनी विहिरी खोदविल्या, घाट बांधविले, धर्मशाळा उभारल्या, अन्नछत्रे घातली. आपण त्यांची गणना धर्मकृत्यांत करतो. प्रवासाच्या दृष्टीने पाहिले तर ती सुरक्षिततेचीच कामे होत. अंधार पडण्यापूर्वी गाठता येईल अशी धर्मशाळा असली म्हणजे स्त्रीला रानात मुक्काम करावा लागत नाही. वाटेवर विहीर असली म्हणजे पाण्यासाठी अनोळखी दार ठोठवावे लागत नाही. त्या काळच्या जातिबंधनांमुळे असे पाणी आणि असे छप्पर सर्वांना सारखे खुले नव्हते, हे कबूल केलेच पाहिजे. तथापि 'ही कोणाची आई, कोणाची बायको' असे न विचारता वाटसरूची सोय करावयाची, हे तत्त्व येथे निदान अंकुरलेले दिसते.

यानंतर आली आगगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धावली. मेणा, छकडा आणि घोडे यांच्या जगात सोबत ठरविणे आपल्या हाती असे. आगगाडीने तिकीट काढणाऱ्या सर्वांना एका बाकावर आणून बसविले. स्त्रियांना त्यात कसे बसवावयाचे, हा प्रश्न साऱ्या हिंदुस्थानभर चर्चिला गेला. अखेर १८९० च्या रेल्वे कायद्यात त्याचे उत्तर आले. १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक उतारू गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखला पाहिजे, आणि गाडी पन्नास मैलांहून अधिक जाणारी असेल तर अशा एका कप्प्यास शौचकूप असला पाहिजे, असे कलम ६४ ने ठरविले. या कप्प्यात शिरणाऱ्या पुरुषाला दंडाची शिक्षा सांगितली.

कायद्याची भाषा रुक्ष असते. पण आम्हां कचेरीतल्या माणसांना तिच्यातही कधी कधी माणुसकी दिसते. हे कलम खालच्या वर्गाबद्दल आहे, याकडे लक्ष द्यावे. जिच्यासाठी कोणी राजा बंदोबस्त करणार नव्हता, त्या शेतकरणीला किंवा गिरणीत काम करणाऱ्या बाईला हा कप्पा मिळाला. तिची सोय पाहण्याचे काम प्रथमच एका संस्थेच्या नावावर कायद्याने लिहिले गेले. स्वतंत्र भारताच्या १९८९ च्या रेल्वे कायद्याने हे तत्त्व चालू ठेवले आणि कलम १३९ मध्ये आणखी एक तरतूद केली, जी प्रत्येक घरात माहीत असावी. पुरुष सोबत नसलेल्या स्त्रीला तिकिटाअभावी गाडीतून उतरवावयाचे झाले, तर ते वाटेल त्या स्टेशनावर उतरविता येत नाही. तिचा प्रवास जेथून सुरू झाला ते स्टेशन, किंवा जंक्शन, किंवा शेवटचे स्टेशन, किंवा जिल्ह्याचे ठिकाण, एवढीच स्थळे चालतात. आणि तीही फक्त दिवसा. रेल्वेचा मदतीचा दूरध्वनी क्रमांकही १३९ हाच आहे, त्यामुळे लक्षात ठेवणे सोपे जाते. तिच्यापाशी तिकीट नाही हा दोष मान्य करूनही कायदा तिला आडरानात रात्री सोडीत नाही. चूक करणाऱ्या स्त्रीलाही सुरक्षिततेचा हक्क आहे, हे यात गृहीत धरले आहे. घरातल्या आपल्या सूचनांत मात्र नेमके उलटे गृहीत असते: तिने चूक केली नाही तरच ती सुखरूप राहील.

रेल्वेने वाट खुली केली, तरी त्या वाटेवर पहिले पाऊल टाकणाऱ्या बायकांना समाजाच्या दगडांतून जावे लागले; आणि हा अलंकार नव्हे. आनंदीबाई जोशी अमेरिकेस वैद्यकीचे शिक्षण घेण्यास निघाल्या, त्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी इंग्रजीत जाहीर भाषण केले. लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात त्यांची एकामागून एक उत्तरे त्यांनी दिली. त्यांत एक प्रश्न एकटीने जाण्याबद्दलच होता. त्याच भाषणात त्यांनी मुंबईत शाळेला जातानाचा अनुभव सांगितला. रस्त्यावरचे लोक हसत, आपल्या ओसरीत बसलेले प्रतिष्ठित गृहस्थ शेरे मारीत आणि खडे फेकीत. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा त्यांना अठरावे वर्ष पुरे होऊन एकच आठवडा लोटला होता. जहाजावर मिशनरी स्त्रियांची सोबत होती, नवरा बरोबर नव्हता. जून महिन्यात त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये पदवी घेतली. सातासमुद्रांच्या वाटेपेक्षा घरापासून शाळेपर्यंतची वाट त्यांना अधिक बोचली होती. आजही दूरच्या प्रवासापेक्षा रोजची वाट पुष्कळ मुलींना अधिक बोचते. फरक इतकाच की खड्यांची जागा आता दुसऱ्या गोष्टींनी घेतली आहे.

पंडिता रमाबाई तर लहानपणापासून वाटसरूच होत्या. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेल्यावर त्या आणि त्यांचे बंधू यांनी देशभर पायी भ्रमंती केली. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. पुढे वैधव्य आल्यावर लहानग्या मनोरमेला घेऊन त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि तेथून अमेरिकेला. परत आल्यावर, १८९० नंतरच्या दशकात, त्या वृंदावनास गेल्या. राधाबाईंनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मानाने पाहिलेलेच हे क्षेत्र. रमाबाईंनी तेथे देवळांपेक्षा माणसे पाहिली. यात्रेच्या नावाखाली आणून सोडलेल्या, परतीचे भाडे नसलेल्या विधवा त्यांच्या दृष्टीस पडल्या. एकट्या स्त्रीच्या प्रवासाची ही दुसरी बाजू आहे. जिला जाता येते पण परत येता येत नाही, तिला प्रवासी म्हणावे कसे?

हिंगण्याच्या आश्रमातील पार्वतीबाई आठवले यांचेही नाव येथे घेतले पाहिजे. संस्थेच्या वर्गणीसाठी त्या गावोगाव हिंडल्या. १९१८ साली, पन्नाशीच्या जवळ आलेली ही विधवा बाई, इंग्रजी शिकावयाचे म्हणून अमेरिकेस गेली आणि परक्या घरांत घरकाम करून राहिली. त्यांनी आपली कहाणी मराठीत लिहून ठेवली आहे. त्यांच्यापाशी राज्य नव्हते, फौज नव्हती, पैसाही बेताचाच. होते ते फक्त काम आणि त्या कामावरील लोकांचा विश्वास.

आता आपल्या दिल्लीकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर हे शहर कारकुनांचे आणि अधिकाऱ्यांचे झाले. १९४८ साली केंद्र सरकारने शहराची बससेवा आपल्या हाती घेतली. आपल्या घरांतील मुली त्या बसने कॉलेजात, पुढे कचेऱ्यांत जाऊ लागल्या. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृहे बांधण्याची केंद्र सरकारची योजना १९७२-७३ पासून सुरू झाली; म्हणजे बाई एकटी राहते, एकटी येते-जाते, ही गोष्ट सरकारी कागदावर मान्य झाली. मात्र बसमधील धक्काबुक्की, स्टॉपवरील शेरे आणि अंधाऱ्या गल्ल्या यांना आम्ही 'दिल्ली अशीच आहे' असे म्हणून सोडून दिले. माझ्या पिढीचा हा दोष मी स्वतःवरही घेतो.

१६ डिसेंबर २०१२ च्या रात्री त्याचा हिशेब झाला. ती हकीकत सर्वांस ठाऊक आहे. येथे तिचा एकच भाग सांगावयाचा आहे. त्या तरुणीने आपल्या पाढ्यातील पुष्कळ सूचना पाळल्या होत्या. ती एकटी नव्हती, मित्र सोबत होता. अपरात्र झाली नव्हती, नऊ वाजून गेले होते इतकेच. मुनिरकाच्या स्टॉपवरून ती आडवाटेला वळली नव्हती, बसमध्ये चढली होती. चुकले ते दुसऱ्यांचे. त्या बसला शहरात असे उतारू घेण्याचा परवाना नव्हता. तरी ती रस्त्यावर होती आणि वर्दळीच्या रस्त्यांवरून फिरत राहिली. गुन्हा करणाऱ्यांनी केला, हे खरेच. परंतु परवाना तपासणे, गस्त घालणे, वेळेवर बस सोडणे ही कामे कोणाच्या तरी नावावर होतीच. ती फाइल कोणत्या मेजावर होती, हे आपल्यासारख्यांनी तरी विचारावयास नको काय?

न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांच्या समितीने २९ दिवसांत, २३ जानेवारी २०१३ रोजी, अहवाल दिला. शिक्षांबरोबर पोलिसांची वागणूक आणि राज्यकारभारातील ढिलाई यांचाही विचार तिने केला. त्या वर्षीच्या कायद्याने स्त्रीचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला, आणि अशा गंभीर गुन्ह्यांची फिर्याद नोंदवून न घेणारा अधिकारीही शिक्षेस पात्र झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही, हे उत्तर चालत नाही. धावत्या गाडीत त्रास झालेल्या स्त्रीला, ती जागा भोपाळच्या अलीकडे होती की पलीकडे, हे सिद्ध करीत बसण्याची गरज उरलेली नाही.

याच सुमारास जुना राखीव कप्पा नव्या रूपात आला. २००९ साली पलवलहून दिल्लीला केवळ स्त्रियांची लोकलगाडी सुरू झाली. २ ऑक्टोबर २०१० पासून दिल्ली मेट्रोचा पहिला डबा स्त्रियांसाठी राखला गेला. २९ ऑक्टोबर २०१९ पासून दिल्लीच्या बसमध्ये स्त्रियांना तिकीट माफ झाले. २०२० पासून रेल्वेच्या सुरक्षा दलातील महिला शिपाई एकटीने निघालेल्या स्त्रियांना आरंभीच्या स्टेशनावर भेटून डबा व आसन लिहून घेऊ लागल्या आणि ती माहिती पुढील स्टेशनांस कळवू लागल्या. राधाबाईच्या वाटेवर दरबारांची पत्रे जात. आता एका सामान्य मुलीच्या आसनाचा क्रमांक पुढे जातो. हे अंतर थोडे नव्हे.

तथापि डब्याची भिंत स्टेशनापाशी संपते. तेथून घरापर्यंतचा अर्धा कोस उरतोच. गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांची महाविद्यालये आणि त्यांचे रोजचे मार्ग यांचा अभ्यास केला. वाट अधिक सुरक्षित वाटते म्हणून मुली कमी प्रतीचे महाविद्यालय पत्करतात, असे त्यांना आढळले; त्या मानाने मुलगे वाटेचा विचार करीत नाहीत. या नुकसानीची नोंद कोणत्याही ठाण्यात होत नाही. मुलगी सुखरूप घरी येते, आपण निश्चिंत होतो, आणि तिने काय सोडून दिले ते आपल्याला कळतही नाही. घरी बसलेली स्त्री सुरक्षित असेलही; पण तिला सुरक्षित प्रवासी म्हणता येणार नाही.

सावधगिरीच्या सूचना देणे सोडावे, असे माझे म्हणणे नाही. ११२ हा क्रमांक पाठ असावा, मोबाइलची बॅटरी भरलेली असावी, कोठे उतरावयाचे ते आधी ठरलेले असावे. पण त्या पाढ्याला दुसरा रकाना जोडला पाहिजे. आपल्यापैकी कोणी रेल्वेत आहे, कोणी नगरपालिकेत, कोणी परिवहन खात्यात, कोणी गृहखात्यात. स्टेशनाबाहेरचा बंद दिवा, शेवटची न आलेली बस, परवान्यावाचून धावणारी गाडी, ठाण्यात परत पाठविलेली फिर्याद, ही कामे आपल्या नावावर आहेत. ज्यांच्या मेजावर अशी फाइल येत नाही, त्यांनी पहाटेच्या गाडीने येणाऱ्या, या शहरात कोणी ओळखीचे नसलेल्या मराठी मुलीसाठी आपले दार उघडे ठेवावे. निदान स्टेशनावर जावे. सूरजमलाने याहून फार निराळे काय केले होते?

दुसऱ्या दिवशी मुलीचा निरोप आला, 'पोहोचले.' मी उत्तर लिहावयास घेतले आणि सवयीने पुन्हा दोन सूचना लिहिल्या. मग त्या खोडल्या. आमच्या वसाहतीच्या फाटकापासून बसस्टॉपपर्यंतचे तीन दिवे कित्येक महिने बंद होते. रोज त्यांच्याखालून जाऊनही मी कोणास कळविले नव्हते. त्या दिवशी प्रथम तो अर्ज लिहिला, आणि मग तिला तसे कळविले.